ब्रिटिश विनोदी कथा : घडण, गोडी आणि मराठी सोयरीक

स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमध्ये विनोदी लघुकथेला बहर आला. जेरोम के. जेरोम (१८५९–१९२७), डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज (१८६३–१९४३), ‘साकी’ या नावाने लिहिणारे एच. एच. मन्रो (१८७०–१९१६) आणि पी. जी. वुडहाउस (१८८१–१९७५) ही त्यातील ठळक नावे. प्रतिष्ठा सांभाळू पाहणारा माणूस आणि एखादी किरकोळ अडचण, एवढ्या भांडवलावर यांतील बहुतेक कथा उभ्या राहतात.

मासिकांचा हातभार

१८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये शाळा वाढल्या, वाचणारा वर्ग विस्तारला. त्याच्यासाठी स्वस्त मासिके निघाली. ‘स्ट्रँड’ १८९१ मध्ये सुरू झाले. जेकब्ज आणि वुडहाउस यांच्या कथा त्यात येत. साकी प्रामुख्याने वृत्तपत्रांत लिहीत, म्हणून त्यांच्या कथा तीन-चार पानांत आटोपतात. कथेची लांबी अशी छापणाऱ्याच्या जागेने ठरवली आणि त्यातून नेमकेपणाची शिस्त आली.

विनोद कसा घडतो

जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) या पुस्तकात पॉजरकाकांचा एक प्रसंग आहे. भिंतीवर तसबीर टांगायची, एवढेच काम. काका कोट काढतात आणि साऱ्या घराला कामाला लावतात: कोणी खिळे आणायला, कोणी हातोडी, कोणी शिडी. काचेने बोट कापते. रुमाल काढलेल्या कोटाच्या खिशात असतो आणि कोट सापडत नाही. बराच आरडाओरडा झाल्यावर कळते की काका त्याच्यावरच बसले होते. मग खिळा पडतो, तो शोधेपर्यंत हातोडी हरवते, तोवर भिंतीवरची खूण दिसेनाशी होते. मध्यरात्रीच्या सुमारास तसबीर लागते, तीही वाकडी. या प्रसंगात एकही घटना अशक्य नाही. प्रत्येक चूक आधीच्या चुकीतून निघते आणि निवेदक आवाज न चढवता सारे सांगत राहतो. शांत स्वर आणि वाढता गोंधळ यांतील हे अंतर हाच या विनोदाचा गाभा, असे म्हणता येते.

चार लेखक, चार वाटा

जेकब्ज यांची पात्रे खलाशी आणि गोदीकामगार. डाव टाकणाराच त्यात फसतो. साकी शेवटच्या ओळींत कथेचा अर्थ फिरवतात. ‘द ओपन विंडो’मध्ये पंधरा वर्षांची मुलगी निव्वळ कल्पनाशक्तीच्या बळावर पाहुण्याला पळवून लावते. वुडहाउस यांचे कथानक घड्याळासारखे बांधलेले असते. ‘द ग्रेट सर्मन हँडिकॅप’ (१९२२) मध्ये कोणत्या पाद्र्याचे प्रवचन सर्वांत लांबेल यावर तरुण मंडळी पैजा लावतात. तरी वुडहाउस वाचण्याचा खरा आनंद वाक्यात आहे. गंभीर ग्रंथांची भाषा तिथे क्षुल्लक प्रसंगाला जोडली जाते.

मराठीतील आप्त

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’पासून मराठी विनोदी लेखनाची परंपरा सुरू होते, पण जेरोमला सर्वांत जवळचे वाटतात ते बडोद्यात पालीचे अध्यापन करणारे चिं. वि. जोशी (१८९२–१९६३). त्यांचे चिमणराव स्वतःच्या फजितीची हकीकत स्वतःच, तीही पूर्ण गांभीर्याने सांगतात. काऊ, मोरू आणि गुंड्याभाऊ यांच्या संसारात पॉजरकाकांचे घर सहज सामावेल. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ वाचलेल्या मराठी वाचकाला म्हणूनच जेरोम परका वाटत नाही. प्रारंभ जेरोमपासून करावा आणि वुडहाउसकडे शेवटी वळावे, हा क्रम सोयीचा.

मर्यादा

या ब्रिटिश कथांतील श्रीमंत घरे, बटलर आणि क्लब एका वर्गाचे जग दाखवतात. वसाहतीच्या काळातील पूर्वग्रहही मधूनच डोकावतात. बायबल आणि शेक्सपिअरचे संदर्भ हुकले, तर काही कोट्या निसटतात. जेकब्ज यांच्या पात्रांची बोली वाचताना प्रारंभी अडखळायला होते. भाषांतरात साकींची कलाटणी टिकते. वुडहाउस यांचे वाक्य क्वचितच टिकते.

उपलब्धता

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे जेरोम, जेकब्ज आणि साकी यांचे लेखन मुक्त झाले आहे आणि ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. परळी वैजनाथच्या वाचकाला त्यासाठी पुण्या-मुंबईच्या दुकानांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. वुडहाउस यांच्या लेखनासाठी याच हिशेबाने २०३५ ची अखेर उजाडावी लागेल, चिं. वि. जोशी यांचे लेखन मात्र १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहे.