नेकारकाठची दिवाळी

दिवाळीसारखा सण आणि घर हजारो मैल दूर, याहून मोठी शिक्षा विद्यार्थ्याला दुसरी नसावी! २०१५ साली विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी मी जर्मनीत हायडेलबर्ग येथे होतो. विद्यापीठ १३८६ साली स्थापन झालेले. विद्येला तेथे तोटा नव्हता. परंतु ११ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी, वसतिगृहात पणती लावण्यास मनाई! आईचा दूरध्वनी आला, "दिवा लावलास ना रे?" मी 'हो' म्हणालो, आणि ते असत्य मनाला डाचू लागले.

खिन्न होऊन बाहेर पडलो, तो नेकार नदीच्या काठाने बालगोपाळांची मिरवणूक येत होती. प्रत्येकाच्या हाती काठीला टांगलेला कागदी कंदील! तो संत मार्टिनचा दिवस होता. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला या रोमन सैनिकाने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी तेथील कथा. इतक्यात एका बालकाच्या कंदिलातील मेणबत्ती वाऱ्याने विझली. त्याची आजी थरथरत्या हातांनी काडी ओढू लागली. मी ओंजळीचा आडोसा धरला. ज्योत उजळली आणि माझे हात नकळत जोडले गेले.

खोलीवर परतताच आईला खरे ते सांगितले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "अरे, दुसऱ्याचा दिवा जपलास, तेच तुझे लक्ष्मीपूजन!"