मसल कारचे आकडे आणि पुस्तकी गफलती

मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत अवाढव्य ‘व्ही-८’ इंजिन बसवून ती विकण्याची टूम साठच्या दशकात अमेरिकेत निघाली. पॉन्टियाकची १९६४ सालची ‘जीटीओ’ ही अशा ‘मसल कार’ची आद्य प्रतिनिधी मानली जाते. या गाड्यांवर असंख्य देखणी पुस्तके निघाली. पण त्यांतील आकडे कितपत विश्वासार्ह, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. प्लीमथची १९७१ सालची ‘हेमी कुडा’ कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. जिथे दुर्मिळतेवर एवढी किंमत ठरते, तिथे पुस्तकातील एक चूक ग्राहकाला भलतीच महागात पडू शकते.

पहिला घोळ अश्वशक्तीचा. पूर्वी इंजिन गाडीबाहेर ठेवून, एअर क्लीनर, सायलेन्सर आदी न जोडता त्याची ‘ग्रॉस’ शक्ती मोजली जाई. १९७२ पासून सर्व जोडणीसह मोजलेली ‘नेट’ शक्ती रूढ झाली. जनरल मोटर्सने १९७१ मध्ये दोन्ही आकडे जाहीर केले. त्यानुसार शेव्हरोलेचे ४५४ घनइंची ‘एलएस-५’ इंजिन एका मापाने ३६५, तर दुसऱ्या मापाने २८५ अश्वशक्तीचे ठरले. प्रदूषणविषयक नियमांमुळे त्या काळात शक्ती खरोखरच घटली होती. परंतु कागदावरील घसरणीचा मोठा भाग मोजपट्टी बदलल्याचा होता. अनेक पुस्तके हा खुलासा करीत नाहीत.

दुसरा घोळ चाचण्यांचा. ‘जीटीओ’ने शून्य ते ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ मध्ये छापले. त्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंची इंजिन दडवलेले होते, अशी कबुली पॉन्टियाकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुढे ‘ग्लोरी डेज’ या पुस्तकात दिली. तोवर तो आकडा सर्वतोमुखी झाला होता. एकदा छापलेला आकडा पुढील लेखकासाठी पुरावा ठरतो, तो असा!

सालांचेही तसेच. फोर्डची ‘मस्टँग’ १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली. चाहते सुरुवातीच्या गाड्यांना ‘१९६४½’ म्हणतात. फोर्डच्या दप्तरी मात्र त्या १९६५ च्याच आहेत.

खातरजमा करण्याची साधनेही सर्वत्र सारखी नाहीत. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या उत्पादन-नोंदी उपलब्ध आहेत. याउलट १९६९ च्या शेव्हरोले ‘कॅमॅरो’च्या चासी क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढेच कळते; ती मूळची ‘झेड-२८’ आहे का, हे कळत नाही. तोतया गाड्यांचे फावते ते इथेच.

म्हणूनच अशा पुस्तकातील आकडा स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: शक्ती ग्रॉस की नेट, साल विक्रीचे की मॉडेलचे, आणि आधार कारखान्याच्या नोंदीचा की आधीच्याच एखाद्या पुस्तकाचा?