शालेय चित्रकलेतील अक्षरलेखन : चौकट आणि लेखणी

महाराष्ट्रातील शाळांतून शासकीय रेखाकला परीक्षांची जी तयारी करून घेतली जाते, तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र ह्यांच्या बरोबरीने अक्षरलेखनाचाही समावेश असतो. मात्र त्याला स्वतंत्र स्थान नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन्ही परीक्षांत अक्षरलेखन हे कर्तव्यभूमितीला जोडून दिलेले आहे. ही जोडणी केवळ सोयीची आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु शाळेत अक्षर कोणत्या दृष्टीने शिकविले जाते, ह्याचे मर्म तिच्यातच आहे. पट्टी, गुण्या आणि कंपास ह्यांच्या साहाय्याने जे काढावयाचे, त्याच जातीची अक्षर ही एक आकृती, असे विद्यार्थी नकळत समजून चालतो.

वर्गातील नेहमीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. दोन समांतर रेषा आखावयाच्या, त्यांमधील जागेचे समान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनात एक अक्षर बसवावयाचे, सर्व रेघांची जाडी सारखी ठेवावयाची आणि शेवटी रंग भरावयाचा. ह्या पद्धतीचा उगम शोधू लागल्यास एकोणिसाव्या शतकातील कलाशिक्षणापर्यंत जावे लागते. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेवर इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या शिक्षणक्रमाचा मोठा प्रभाव होता. कारागिराचा हात मापात चालावा, हा त्या शिक्षणक्रमाचा एक प्रमुख हेतू होता, व तो अप्रस्तुत होता असे म्हणता येणार नाही. दुकानाची पाटी रंगविणाऱ्यास माप लागतेच. शिवाय चौकोनातील अक्षर तपासण्यास सोपे असते. पट्टी लावली की चूक सापडते. प्रश्न एवढाच की, जे माप रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांना बऱ्याच अंशी मानवते, ते देवनागरीला कितपत मानवते?

रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर वरच्या रेषेला टांगलेले असते. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार ह्यांना जागा हवी, तर खाली उकाराला आणि जोडाक्षराच्या दुसऱ्या घटकाला हवी. चौकोनाची कल्पना ह्या वरच्या-खालच्या जागा हिशेबातच धरत नाही. त्यामुळे विद्यार्थी मूळ अक्षर रेखीव काढतो आणि मात्रा मागाहून कोठेतरी चिकटवितो. रुंदीचेही तसेच आहे. ‘र’ हे अंगाने बारीक अक्षर, ‘क’ दोन्ही बाजूंना पसरणारे. दोघांस सारखाच चौकोन दिला की ‘र’ ला ओढूनताणून रुंद करावे लागते, नाहीतर त्याच्या शेजारी रिकामी जागा राहते.

ही गैरसोय केवळ दिसण्यापुरती असती, तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण देवनागरीत अक्षरांमधील अंतर हे कित्येकदा अर्थाशी निगडित असते. ‘रवाना’ हा शब्द घ्यावा. ‘र’ आणि ‘व’ ह्यांतील अंतर थोडे कमी झाले की वाचणारा ‘खाना’ असे वाचतो. ह्याच अडचणीमुळे ‘ख’ च्या पहिल्या भागाचा पाय दुसऱ्या भागाला जोडण्याची सुधारणा पुढे आली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ह्या जोड्यांत तर सारा भेद डाव्या बाजूच्या शिरोरेखेच्या खंडावर आणि तेथील लहानशा गाठीवर अवलंबून असतो. हौसेने वरची रेघ एकसंध व जाड रंगविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ‘धन’ चे ‘घन’ होते आणि ‘भात’ चा ‘मात’ होतो. एका वर्णाच्या फरकाने अर्थ पालटणाऱ्या अशा शब्दजोड्या भाषाशास्त्रात ध्वनींचा भेद सिद्ध करण्यासाठी वापरतात. चित्रकलेच्या शिक्षकाला त्या रेघेचे मोल दाखविण्यासाठी वापरता येतील. आकारातील कोणता भाग अलंकार आहे आणि कोणता आवश्यक आहे, हे ओळखणे म्हणजेच रचनेचा विचार. संकल्पचित्राच्या तासाला वर्तुळात पाने-फुले बसविताना हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो, कारण एक पान कमी झाले तरी कोणाचे काही अडत नाही.

लिपीची घडणही ह्याच तासाला उलगडून दाखविता येते. देवनागरी व्यंजनांचे उभ्या दंडावरून स्थूलमानाने तीन गट पडतात. ‘ग’, ‘त’, ‘प’, ‘म’ ह्यांसारख्या अक्षरांत दंड शेवटी असतो. ‘क’ आणि ‘फ’ ह्यांत तो मध्ये असतो. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’, ‘द’, ‘ह’ ह्यांत पूर्ण दंड नसतो. आता जोडाक्षरांकडे पाहावे. पहिल्या गटातील अक्षर अर्धे करताना दंड गळतो. दुसऱ्यातील अक्षराचा उजवीकडचा आकडा आखूड होतो. तिसऱ्यातील अक्षराला दुसरे अक्षर खाली किंवा पोटाशी घ्यावे लागते, अथवा पाय मोडावा लागतो. म्हणजे अक्षराचा आकार आणि त्याचे जोडाक्षरातील वर्तन ह्यांचा संबंध आहे. सातवीआठवीतील मुलाला हे पाठ करावयास लावण्याची गरज नाही. अक्षरांचे कागदी तुकडे देऊन त्यांचे गट करावयास सांगितले, तर ते त्याला आपोआप दिसू लागते.

अक्षराच्या भागांना आपल्या भाषेत जी नावे आहेत, तीही लक्षात घेण्याजोगी आहेत. मुद्राक्षरांच्या अभ्यासकांनी अक्षराची उंची मोजण्यासाठी शिरोरेखा, स्कंधरेखा, नाभिरेखा, जानुरेखा, पादरेखा अशा संज्ञा योजल्या. अक्षर म्हणजे उभे शरीर, ही कल्पना त्यांमागे आहे. कान्यामात्रेच्या जोडीला वेलांटी येते, ती वेलीची आठवण करून देते. २००९ आणि २०२२ ह्या वर्षी निघालेल्या मराठी लेखनविषयक शासननिर्णयांच्या निमित्ताने ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ ह्या संज्ञा बऱ्याच जणांच्या कानांवर आल्या. ह्या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी आहेत, आणि संगणकावरील अनेक अक्षरसंचांत हिंदी वळणच आधी उमटते. मुलांच्या डोळ्यांसमोर सतत जे छापील अक्षर असते, त्यात पाकळी हरवलेली असेल, तर ती चित्रकलेच्या तासालाच परत भेटण्याचा संभव अधिक. भौमितिक परिभाषेत ‘चाप’ आणि ‘स्पर्शिका’ म्हणून जे सांगावे लागते, ते ‘पाकळी’ म्हणताच हाताला कळते.

हाताचा उल्लेख आला म्हणून लेखणीकडे वळणे प्राप्त आहे. देवनागरीतील जाड-बारीक रेघांचा क्रम कोणी ठरवून दिलेला नाही. तो बोरूच्या तिरप्या कापातून आलेला आहे. काप एकाच कोनात धरून हात फिरविला की एका दिशेची रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेची बारीक होते आणि वळणावर जाडी क्रमाने बदलते. ह्यालाच जुन्या शिक्षकांच्या बोलीत ‘वळण’ म्हणत. कित्ता गिरविण्याच्या परंपरेत यांत्रिकपणा होता हे खरे, पण तीत लेखणी स्वतःच आकाराचे कारण समजावून देत असे. चौकोनी पद्धतीत हे कारण अदृश्य होते. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. लेखणीच्या अक्षराचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या ह्याच कलावंताने संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच घडविला. हस्तलेखन आणि यंत्र ह्यांत वैर आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

शाळेत बोरू मिळत नाही, ही सबब फारशी समर्थनीय नाही. दोन पेन्सिली शेजारी शेजारी दोऱ्याने बांधल्या की रुंद टोकाची लेखणी तयार होते, आणि तिच्या दुहेरी रेघेत जाडी कोठे वाढते व कोठे लोपते हे बोरूपेक्षाही स्पष्ट दिसते. सुताराची चपटी पेन्सिलही हेच काम करते. आरंभी चारपाच तास अक्षरे न काढता केवळ उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि अर्धवर्तुळे काढावीत. त्यानंतर ‘व’ घ्यावा, त्यात तिरपी रेघ घालून ‘ब’ करावा, ‘प’ वरून ‘ष’ कडे जावे. पट्टी बाजूला ठेवण्याचे कारण नाही. शिरोरेखा आणि पादरेखा आखून घेण्यास ती लागेल, फक्त रुंदी अक्षराने ठरवावी.

गुणदानाची अडचण मात्र खरी आहे. जाडी आणि अंतर डोळ्यांनी जोखावयाचे म्हटले की परीक्षकांत मतभेद होणार, आणि जेथे श्रेणीवर शालान्त परीक्षेतील वाढीव गुण अवलंबून असतात, तेथे तो मतभेद पालकांना रुचणार नाही. ह्यावर एक साधी कसोटी शिक्षकांना वर्गात तरी वापरता येईल. विद्यार्थ्याने लिहिलेला शब्द भिंतीवर लावावा आणि तो न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दहा पावलांवरून वाचावयास सांगावा. ‘रवाना’ ‘रवाना’ असाच वाचला गेला, तर अंतराचे गुण देण्यास हरकत नाही.