हिमालयातील तलावांची सहल : अंगाला सवय होऊ द्या

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की घराघरांत थंड हवेच्या गोष्टी सुरू होतात. एके काळी ही गाडी चिखलदरा किंवा पचमढीला थांबायची. आता ती थेट हिमालयात जाते. लडाखचे पँगाँग आणि त्सो मोरिरी, स्पितीचा चंद्रताल, मनालीजवळचा भृगू तलाव, काश्मीरमध्ये सोनमर्गहून पायी गाठायचे विशनसर, गडसर, गंगाबल ही नावे आपल्याकडच्या तरुणांच्या तोंडी असतात. सोबत वाटाड्या, तंबूत मुक्काम, एक दिवस पदभ्रमण, एक दिवस नदीत राफ्टिंग, एक दिवस दोरावरून कडा उतरणे असा सात-आठ दिवसांचा भरगच्च कार्यक्रम असतो.

अशी सहल अवश्य करावी. मोकळ्या हवेत चालण्याने शरीर आणि मन दोन्ही ताजेतवाने होतात. मात्र कार्यक्रमपत्रिका हातात आली की बहुतेक जण त्यात काय काय पाहायचे हे मोजतात, विश्रांतीचे दिवस किती हे कोणी मोजत नाही. आरोग्याच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

उंचीवर काय घडते?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १ हजार फूट उंचीवर आहे. लेह सुमारे साडेअकरा हजार, पँगाँग आणि चंद्रताल सुमारे १४ हजार, तर खारदुंग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांवर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. परंतु उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायूही कमी होतो. लेहमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि खारदुंग लावर जेमतेम निम्मा.

शरीर ही तूट भरून काढते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचा तोल नव्याने सांभाळतात, पुढे तांबड्या पेशीही वाढतात. पण या कामाला काही दिवस लागतात. दिल्लीहून लेहचे विमान मात्र सव्वा तासात पोहोचते. नागपूरचा माणूस सकाळी दिल्लीत आणि दुपारी लेहच्या बाजारात फिरत असतो. विमानाच्या वेगाने शरीर बदलत नाही, हे या आजाराचे मूळ आहे.

जवानांनी शिकवलेला धडा

या आजाराचे ज्ञान जगाला देण्यात भारताचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात आपल्या जवानांना सपाटीवरून घाईघाईने ११ ते १८ हजार फुटांवर न्यावे लागले. उंचीच्या आजाराने ग्रासलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एका नामवंत अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. हे जवान तरुण आणि धडधाकट होते. दंडाची ताकद उंचीवर कामाला येत नाही, हा त्यातला बोध.

सैन्याने पुढे ठरावीक पद्धत घालून घेतली. नऊ ते बारा हजार फुटांवर ६ दिवस, त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस जवानाला सवय करून दिली जाते. आपली अख्खी सहलच आठ दिवसांची असते, हे लक्षात घ्यावे.

लक्षणे ओळखा

पहिले लक्षण डोकेदुखी. तिच्या जोडीला मळमळ, भूक मंदावणे, थकवा, गरगरणे, झोप न लागणे. बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत हा त्रास सुरू होतो. पुष्कळ लोक त्याला प्रवासाचा शीण, पित्त किंवा खाण्यातली गडबड समजतात. उंचीवर डोके दुखले तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार मानावा. विश्रांती घ्यावी आणि त्रास थांबेपर्यंत वर चढू नये. एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते.

दोन अवस्था मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. फुप्फुसात पाणी साचले तर बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो, ओठ आणि नखे निळसर होतात. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री हे घडते. मेंदूला सूज आली तर माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो. एका रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगावे, तोल गेला तर धोका समजावा. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा आणि रात्र असली तरी रुग्णाला खाली न्यावे. खाली उतरवणे हाच यावर खरा उपचार आहे.

सगळ्या गटाचा खोळंबा होईल, साहेब काय म्हणतील, पैसे वाया जातील, या संकोचाने माणसे त्रास लपवतात. वाटाड्या कितीही जाणता असला तरी तुमचे डोके दुखते हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी?

विमानाने लेहला गेल्यास पहिले दोन दिवस फक्त आराम हवा. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा साधारण दीड हजार फुटांहून अधिक उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपायला आले तर चालते. मनाली सुमारे ६,७०० फुटांवर आहे. तिथून सकाळी निघून रात्री चंद्रतालला तंबूत झोपणे म्हणजे एका दिवसात सात हजार फुटांची चढाई होते. गाडीत बसून गेलो म्हणून ती कमी होत नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी सवय लवकर होण्यास मदत करते. ती चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. परंतु सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो.

विदर्भातील वाचकांसाठी विशेष

आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तरीही अनेकांना आपण वाहक आहोत की नाही हे ठाऊक नसते. प्राणवायू कमी झाला की या रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णांनी अशा उंचीवर जाऊ नये. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण एकाएकी उंच गेल्यास प्लीहेचा, म्हणजे पाणथरीचा, रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे आहेत. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येणे ही त्याची खूण. वाहकांनी डॉक्टरांशी बोलून, सावकाश चढावे आणि अशी कळ आल्यास ताबडतोब उतरावे. एका साध्या रक्तचाचणीने सिकलसेल आहे का ते कळते. ती आली तर रुग्ण की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने ठरते. तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

हृदयविकार, दमा, वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही आधी सल्ला घ्यावा. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून ते अंगाजवळ ठेवावे.

थंड पाण्याला भ्यावे

खिंडसी किंवा अंबाझरीच्या पाण्याची सवय असलेल्यांनी तोच अंदाज हिमालयात लावू नये. तिथले पाणी वितळलेल्या बर्फाचे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. अशा पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात धाप लागून पाणी नाकातोंडात जाते. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातपाय बधिर होतात, मग पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. म्हणून झांस्करच्या चिलिंग ते निमू या टप्प्यात असो वा बियासमध्ये, राफ्टिंग करताना लाइफ जॅकेट आणि शिरस्त्राण घट्ट बांधलेले हवे. तलावात डुंबण्याचा मोह टाळावा.

उन्हाने बर्फ वितळते, त्यामुळे अशा नद्या दुपारनंतर फुगतात. धरणाखालच्या नदीत तर पाणी केव्हाही सोडले जाते. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी अशाच लोंढ्यात वाहून गेले. छायाचित्रासाठी पात्रातल्या दगडावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ओले कपडे आणि वारा यांनीही शरीर थंड पडते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट खराब हवामानात सापडला आणि ९ जण दगावले. हुडहुडी, अडखळते बोलणे, पेंग ही धोक्याची लक्षणे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, माणसाला गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. दारू कधीही देऊ नये.

तयारी आणि चार प्रश्न

निघण्याआधी दोन महिने रोज सेमिनरी हिल्सच्या चढावर पाऊण तास भरभर चालावे, सुटीच्या दिवशी रामटेकचा गड पाठीवर पिशवी घेऊन चढावा. याने दम वाढतो. उंचीची सवय मात्र नागपुरात बसून होत नाही, ती तिथेच करावी लागते.

पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक मुक्काम किती फुटांवर आहे? मोकळे दिवस किती? सोबत प्राणवायूचे सिलिंडर आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस आहे का? कोणी आजारी पडल्यास त्याला कोण, कोणत्या गाडीने, कुठल्या रुग्णालयात नेणार? याची सरळ उत्तरे देणाऱ्यांबरोबरच जावे.

एखादा तलाव पाहायचा राहिला तर पुढच्या वर्षी पाहता येईल. म्हणून सहलीत एक दिवस वाढवावा, नाहीतर एक ठिकाण कमी करावे.