कोड बिनचूक, 'ल' मात्र हिंदी वळणाचा

लेखकाचा मजकूर येतो तो बहुतेक वेळा वर्ड प्रोसेसरच्या फाइलीत. मराठी संकेतस्थळाचं काम पाहणाऱ्याला तो तिथून उचलून एडिटरच्या चौकटीत पेस्ट करायचा असतो. पेस्ट केला की सगळं जागच्या जागी दिसतं: मथळा मोठा, नावं ठळक, परिच्छेद सुटे. माझं खरं काम 'सोर्स'चं बटण दाबून आतला कोड पाहिल्यावर सुरू होतं.

एक साधं वाक्य घ्या: 'पुण्याला गेलो, पण काम झालं नाही (तेव्हाही).' वर्ड प्रोसेसरच्या लेखी हे एक वाक्य नसतं. देवनागरी अक्षरांना एक फाँट, विरामचिन्हांना दुसरा, असा त्याचा हिशोब. त्यामुळे 'पुण्याला गेलो' एका स्पॅन टॅगमध्ये, स्वल्पविराम दुसऱ्यात, पुढचे शब्द तिसऱ्यात, कंस आणखी वेगळा. प्रत्येक तुकड्याला फाँटचं नाव, आकार आणि फक्त त्या वर्ड प्रोसेसरलाच कळतील असे गुणधर्म चिकटलेले. परिच्छेदाच्या शेवटी एक रिकामा टॅग, जो एचटीएमएलच्या कुठल्याच प्रमाणात नाही. एका ओळीच्या मजकुराला दहा ओळींचा कोड. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोड नियमात बसतो का ते तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे पान टाकलं की तक्रारींची रांग लागते: हा टॅग इथे चालत नाही, हा गुणधर्म अस्तित्वात नाही.

व्हिज्युअल एडिटर व्हॅलिड कोड देतात का, हा प्रश्न जुना आहे. फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर १९९०च्या दशकात आले, तेव्हा माउसने पान रचता येतं याचंच अप्रूप होतं. हाताने लिहिलेल्या कोडला धक्का लावणार नाही, ही ड्रीमवीव्हरची जाहिरातीतली मोठी बाजू होती, यावरून इतर एडिटर काय करत असतील याची कल्पना यावी. डेव्ह रॅगेट यांनी 'टायडी' नावाचा कोड साफ करणारा प्रोग्राम लिहिला. त्यात वर्ड २०००मधून निघालेलं एचटीएमएल धुऊन काढायचा एक वेगळा पर्यायच होता.

२०००च्या सुमारास इंटरनेट एक्स्प्लोररने ब्राउझरच्या आतच मजकूर संपादित करायची सोय दिली आणि इतरांनी ती उचलली. पण एंटर दाबल्यावर नेमकं काय घडावं, याबद्दल ब्राउझरांचं एकमत नव्हतं. कुणी नवा पी टॅग उघडायचा, कुणी नुसता बीआर टाकायचा, कुणी डिव्ह. तोच लेख, तेच बटण, पण टंकणाऱ्याच्या यंत्रावर कुठला ब्राउझर आहे त्यावर पानाची रचना ठरायची.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचा पेच याहून खोल आहे. 'आज सकाळी खूप पाऊस' यातले पहिले तीन शब्द माउसने निवडून ठळक करा, मग शेवटचे तीन तिरपे करा. माणसाच्या दृष्टीने 'सकाळी खूप' हे शब्द दोन्हींत येतात, एवढंच. एचटीएमएलला मात्र एकमेकांवर अर्धवट चढलेले टॅग चालत नाहीत. आत उघडलेला टॅग आतच बंद व्हायला हवा. म्हणून तिरप्या टॅगचे दोन तुकडे करावे लागतात: एक ठळकच्या आत, दुसरा बाहेर. निव्वळ निवडीच्या दोन टोकांना टॅग चिकटवणाऱ्या एडिटरला हे जमत नाही. ब्राउझर असा कोड मुकाट्याने दुरुस्त करून दाखवतो, म्हणून चूक कुणाच्या नजरेसही पडत नाही. प्रोझमिरर किंवा सीकेएडिटर ५ यांसारख्या नव्या एडिटरांनी मुळावरच उपाय केला. ते मजकुराचा स्वतःचा आराखडा ठेवतात, कशात काय बसू शकतं याचे नियम आधी ठरवतात आणि एचटीएमएल अगदी शेवटी लिहितात. तिथे टॅगांची अशी गुंतागुंत होतच नाही. आता व्हॅलिडेटरची तक्रार येते ती बहुधा बाहेरून आणलेल्या कोडमुळे. व्हिडिओ जोडायला मिळणाऱ्या तयार तुकड्यात 'फ्रेमबॉर्डर' हा कालबाह्य गुणधर्म हमखास सापडतो.

तेव्हा चांगला एडिटर व्हॅलिड कोड देतो, हे मी निःशंकपणे सांगेन. माझी काळजी त्यापुढची आहे.

वरचं पुण्याचं वाक्य एडिटरच्या गाळणीतून गेलं की परके टॅग आणि निरुपयोगी गुणधर्म गळून पडतात. पण स्पॅनवरचं भाषेचं लेबल कित्येकदा टिकतं, कारण ते नियमात बसतं. लेखकाने हिंदीचा कीबोर्ड वापरला असेल, आणि असे लेखक पुष्कळ आहेत, तर ते लेबल 'एचआय' म्हणजे हिंदी असतं. शुद्ध मराठी वाक्यावर हिंदीचा शिक्का, आणि व्हॅलिडेटरचा त्यावर काहीच आक्षेप नाही. परिणाम मात्र उघड दिसतात. काही देवनागरी फाँटांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात आणि ब्राउझर ती भाषेच्या लेबलावरून निवडतो. मग मराठी लेखाच्या मधल्याच दोन ओळींत 'ल' हिंदी वळणाचा उमटतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला, भाषा आपोआप बदलायची सोय चालू असेल तर, तेवढी वाक्यं हिंदी आवाजात, हिंदी उच्चारांच्या नियमांनी ऐकू येतात.

मराठीने हे आधीही सोसलं आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या पानांवर 'शिवाजी' किंवा सीडॅकचा 'योगेश' असले फाँट असत. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवलेले. एडिटर इमानाने फाँट टॅग लिहायचा, त्या काळच्या नियमांत ते बसायचंही, पण वाचणाऱ्याकडे तो फाँट नसला की समोर रोमन अक्षरांचा कचरा, आणि शोधायला गेलं तर एकही मराठी शब्द हाती लागत नसे.

उपमथळ्यांचं तेच. ओळ निवडून ठळक केली, आकार वाढवला की डोळ्यांना उपमथळा दिसतो आणि कोडही व्हॅलिड. पण एनव्हीडीएमध्ये 'एच' दाबत मथळ्यामागून मथळा गाठत जाणाऱ्याला ती ओळ सापडत नाही. चित्राचं वर्णन रिकामं सोडलं तर काही एडिटर स्वतःहून रिकामं 'ऑल्ट' लिहून टाकतात. त्याचा अर्थ 'हे चित्र निव्वळ शोभेचं आहे' असा होतो, आणि स्क्रीन रीडर दुष्काळाच्या छायाचित्रावरून न थांबता पुढे निघून जातो. मला विचाराल तर ऑल्ट मुळीच नसणं परवडलं. त्यावर व्हॅलिडेटर निदान ओरडतो तरी.

म्हणून मी मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून निव्वळ अक्षरं म्हणून पेस्ट करतो, मग मूळ फाइल शेजारी उघडून मथळे, ठळक शब्द, तिरपे शब्द परत देतो. गद्याला हे पुरतं. कवितेला पुरत नाही. कवी प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबतो, त्यामुळे ओळ म्हणजेच परिच्छेद होते आणि कडवं कुठे संपलं ते कोडमध्ये उरत नाही. तिथे एकेका ओळीच्या शेवटी जाऊन एंटर काढायचा आणि शिफ्ट-एंटर द्यायचा. कडव्याची सीमा धूसर वाटली तर फोन करून कवीलाच विचारायचं.