दुरुस्ती करणाऱ्याची रीत

आपल्या कळंबोलीतल्या एका विद्यार्थ्याने मुक्त सॉफ्टवेअरच्या एका प्रकल्पाला कोडमधली दुरुस्ती पाठवली. ती परत आली. पोरगा दुखावला. आम्ही पाहिलं, तर चूक सुधारता सुधारता त्याने नावंही बदललेली, ओळीही सारख्या केलेल्या. तपासणाऱ्याने काय काय शोधायचं? लिनक्सची रीत बघा: एका पॅचमध्ये एकच बदल, तो का केला याचा खुलासा, खाली नावानिशी सही, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. त्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी वेगळी ठेवली. स्वतः एवढे कवी, पण आत आपली ओवी घातली नाही. मोह झाला नसेल? विद्यार्थ्याने आता पॅचचे तीन तुकडे केलेत. चूक सुधारणारा तेवढा पाठवलाय. उत्तराची वाट बघतोय.