घरगुती दिव्याची पन्नास वर्षे

खोलीतून उठताना दिवा मालवावा, दोघांना अभ्यास करावयाचा असल्यास दोघांनी एकाच दिव्याखाली बसावे, पाहुणे आल्याखेरीज पडवीतला दिवा लावू नये, असे जे नियम महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत दोन-तीन पिढ्या कसोशीने पाळले गेले, त्यांच्या मुळाशी काटकसरीचा संस्कार होताच. परंतु त्या नियमांची निकड ज्यामुळे भासे ती गोष्ट म्हणजे खुद्द दिव्याची उधळी प्रकृती होय. तापलेल्या तारेचा जो पिवळा बल्ब घरोघरी टांगलेला असे, त्याला पुरविलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच भाग प्रकाशरूपाने बाहेर पडत आणि बाकीचे सारे उष्णतेत खर्ची पडत. हा बल्ब गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरांतून कसा गेला आणि त्याच्या जागी काय आले, याचा मागोवा घेऊ लागल्यावर मला असे दिसते की, विजेची जी मोठी बचत अखेर साधली तिला वडीलधाऱ्यांचा उपदेश फारसा कारण झाला नाही. चांगला दिवा गरिबाच्या ऐपतीत आणून सोडण्याची तजवीज ज्या दिवशी झाली, त्या दिवसापासून ती साधू लागली.

राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले, १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली, आणि पुढल्या दोन दशकांत खेड्यापाड्यांतून विजेचे खांब उभे राहिले. ज्या गृहिणीने वर्षानुवर्षे तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसली होती, वात कातरली होती आणि शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल महिनाअखेरपर्यंत पुरविले होते, तिला बटन दाबताच उजळणारा ६० वॅटचा बल्ब हे वरदान वाटले असल्यास नवल नाही. तो किती वीज खातो, हा विचार तिच्या मनात येण्याचे काही कारणच नव्हते. रोज पाच तास जळणारा असा एक बल्ब महिन्याला ९ युनिट वीज घेई. घरात असे तीन-चार बल्ब असले की वीजबिलाचा मोठा हिस्सा केवळ दिव्यांचा होऊन बसे.

त्या काळातील एका वस्तूचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो, ती म्हणजे रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब. बाळंतिणीच्या खोलीत, देवघराशेजारी किंवा जिन्याच्या वळणावर लाल, निळ्या वा हिरव्या काचेचा हा लहानसा दिवा लावून ठेवीत आणि तो वीज मुळीच घेत नाही, अशी घरातील सर्वांची ठाम समजूत असे. जुन्या मीटरची चकती एवढ्या अल्प भाराने नीट फिरत नसल्यामुळे ही समजूत रुजली. वस्तुतः तो बल्ब १२ ते १५ वॅट वीज घेत असे. आज ज्या दिव्याने सबंध दिवाणखाना उजळतो तो ९ वॅटचा असतो, म्हणजे पूर्वीच्या कुटुंबांनी निव्वळ अंधाराची भीती घालविण्यासाठी जी वीज रात्रभर वेचली, तिच्याहून कमी विजेत आजचे कुटुंब वाचन, शिवण आणि जेवण उरकते. गेल्या अर्धशतकाची प्रगती मोजण्यास याहून बोलका दाखला मला आढळलेला नाही.

मधल्या काळात ट्यूबलाइट आली. ती बल्बपेक्षा कितीतरी काटकसरी होती, यात शंका नाही. परंतु तिची ४० वॅटची नळी आणि तिच्या पट्टीत बसविलेला, तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला जड चोक यांचा एकत्र हिशेब केला तर खर्च ५० वॅटच्या पुढे जाई, आणि तो चोक हाताला चटका बसेल इतका तापे. खरी अडचण दाबाची होती. संध्याकाळी गावातील सर्व दिवे व पिठाच्या गिरण्या एकाच वेळी चालू झाल्या की विजेचा दाब इतका घसरे की ट्यूब दोन्ही टोकांना लालसर होऊन नुसती लुकलुकत राही, घरातील कोणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवून पाही, आणि अखेर कंटाळून पुन्हा तोच पिवळा बल्ब लावला जाई. कारण तो निखाऱ्यासारखा मंद का होईना, पण पेटत असे. काटकसरीचा दिवा शहरात आधी रुजला आणि खेड्यात मागाहून, याचे कारण खेडुतांच्या अज्ञानात शोधणाऱ्यांनी ही दाबाची गोष्ट ध्यानात घेतली नाही, असे मला वाटते.

सन २००५ च्या सुमारास राज्यावर भारनियमनाचे जे संकट कोसळले, त्याने हा घरगुती प्रश्न सरकारी दप्तरात नेऊन पोहोचविला. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. मुलांचा अभ्यास, दळण आणि पिण्याचे पाणी या सर्वांचे वेळापत्रक भारनियमनाच्या तक्त्यावरून ठरे. विजेची सर्वाधिक ओढ संध्याकाळी सहा ते दहा या वेळात असते आणि त्या वेळी घरोघरचे दिवे हाच भाराचा एक मोठा भाग असतो, हे जाणून महावितरणने नाशिक भागात सीएफएल दिव्यांची योजना प्रायोगिक तत्त्वावर राबविली, आणि रोख किंमत देणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्याकडून ती वीजबिलातून हप्त्याहप्त्याने वसूल करण्याची सोय ठेवली. या हप्त्याचे मोल मोठे होते. १० रुपयांचा बल्ब आणि त्याच्या दहापट किंवा त्याहूनही महाग दिवा यांत निवड करावयाची वेळ आली म्हणजे रोजंदारीवर जगणारा माणूस वर्षाचा हिशेब करीत बसत नाही, कारण वर्षाचा हिशेब करण्यासाठी जी शिल्लक हाताशी लागते तीच त्याच्यापाशी नसते. पुढे २००९ मध्ये केंद्राची ‘बचत लॅम्प योजना’ आली. जुना बल्ब देऊन १५ रुपयांत सीएफएल घ्यावा आणि किमतीतील तूट कार्बन पतमूल्यांच्या विक्रीतून भरून काढावी, अशी तिची रचना होती. त्या पतमूल्यांचा आंतरराष्ट्रीय बाजार काही वर्षांतच कोसळला आणि योजनेचा आधारच निखळला. शिवाय सीएफएलच्या नळीत थोडाबहुत पारा असे, आणि फुटलेली नळी परत घेण्याची धड व्यवस्था कोठेही उभी न राहिल्यामुळे तो पारा आपल्या उकिरड्यांवर गेला. ही हेळसांड विसरण्याजोगी नाही.

एलईडीचा लाल दिवा १९६२ मध्येच सिद्ध झाला होता, तथापि पांढऱ्या प्रकाशासाठी जो निळा किरण हवा होता तो प्रखर रूपात मिळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. गॅलियम नायट्राइड या हट्टी पदार्थाशी वर्षानुवर्षे झुंज देऊन तो मिळविणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच सुमारास आपल्याकडे दुसरे एक महत्त्वाचे काम चालू होते, आणि ते प्रयोगशाळेतील नसून खरेदीखात्याचे होते. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ईईएसएल या संस्थेने सर्व राज्यांची मागणी एकत्र करून कोट्यवधी दिव्यांच्या निविदा काढल्या. जानेवारी २०१४ मध्ये जो एलईडी दिवा या संस्थेला ३१० रुपयांना पडत होता, तो मार्च २०१६ मध्ये ५५ रुपयांना आणि त्याच वर्षी पुढे ३८ रुपयांना पडू लागला. ५ जानेवारी २०१५ रोजी देशभर सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, त्यांपैकी २ कोटींहून अधिक महाराष्ट्रात. वीजबिलाची प्रत व ओळखपत्र घेऊन रांगेत उभे राहिलेल्या माणसांत चाळीतले होते, वस्तीवरचे होते आणि बंगल्यातलेही होते. जो बल्ब महिन्याला ९ युनिट घेई, त्याच्या जागी बसलेला हा ९ वॅटचा दिवा दीड युनिटदेखील घेत नाही; आणि दाब घसरला तरी चांगल्या बनावटीचा एलईडी निमूटपणे जळत राहतो, त्यामुळे खेड्यातील घराला प्रथमच शहराच्या तोडीचा प्रकाश लाभला.

वाचलेल्या युनिटची किंमत केवळ बिलावर मोजू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. एक युनिट औष्णिक वीज निर्माण करण्यास सुमारे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो, आणि त्याची राख व धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातील माणसे आपल्या श्वासावाटे झेलतात. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातील प्रत्येक अनावश्यक दिव्याचा भार त्यांच्या माथी पडतो. म्हणूनच दिवा स्वस्त झाल्यावर आपण जे आरंभिले त्याचा मला खेद वाटतो. जेथे छताला एक दिवा होता तेथे आता खोटे छत बसवून त्यात बारा-पंधरा दिवे पेरले जातात आणि ते सर्व एकाच बटनावर जळतात. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या वापरासंबंधी १८६५ मध्येच असा इशारा देऊन ठेवला होता की, एखादी वस्तू काटकसरीने वापरण्याची युक्ती सापडली म्हणजे तिचा एकूण खप पुष्कळदा वाढतो.

दुसरी तक्रार टिकाऊपणाची. बाजारातील निकृष्ट एलईडी वर्ष-दीड वर्षात बंद पडतो. तो उघडून पाहिल्यास अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळ्या टिकल्यांची एक रांग दिसते आणि बहुधा त्यांपैकी एखाद्याच टिकलीवर काळा ठिपका पडलेला असतो. सर्व टिकल्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असल्यामुळे एक जळताच सारा दिवा अंधारतो. तालुक्याच्या बाजारात हातगाडीवर बसलेला कारागीर ती एक टिकली ओळखून तेथे डाग देतो आणि दहा-वीस रुपयांत दिवा पुन्हा चालू करून देतो. या कारागिरांचे कौशल्य मला फार आदरणीय वाटते. हजारो दिवे कचऱ्यात जाण्यापासून त्यांनी वाचविले आहेत.

दिव्याचा प्रश्न असा बव्हंशी सुटल्यावर घरातील विजेचा हिशेब आता पंख्यापाशी येऊन थांबतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि आपल्या हवेत तो वर्षातील आठ-नऊ महिने दिवसरात्र फिरतो. बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास विजेत देतो, पण विकत घेताना साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट किंमत मागतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकनाची सक्ती झाली आहे. तारांकनाने जाणत्या ग्राहकाची सोय झाली. पण ज्या घरात पंचवीस वर्षांचा पंखा आवाज करीत फिरत आहे, त्या घरासाठी वीजबिलातून फिटणारा हप्ता आणि घाऊक खरेदीने उतरणारी किंमत ही दिव्याच्या बाबतीत यशस्वी ठरलेली तजवीज पंख्यासाठी तितक्याच मोठ्या प्रमाणावर अद्याप कोणी केलेली नाही.